जबर ठोसा आणि गोदामाची किल्ली

कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांत, नेरच्या बस स्टँडमागे फवारणी पंप दुरुस्तीच्या एका दुकानात दर रविवारी सकाळी एकच प्रश्न निघायचा: मुष्टियुद्धाच्या इतिहासात सगळ्यात जबर ठोसा कोणाचा? पंप दुरुस्तीला येणं कमी झालं होतं, त्यामुळे मिस्त्रींकडे वेळ होता. निवृत्त ड्रिल मास्तरांकडे तो होताच. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणजे माझ्याकडेही होता.

मिस्त्रींचा बॉक्सर बुटका, मान नसलेला. मास्तरांचा जुन्या काळातला, उंच. त्यांची नावं हे दोघं इतक्या तऱ्हांनी उच्चारायचे की ती न लिहिलेलीच बरी.

"तुमचा गडी ठोसा मारून राह्यला का भिंत ढकलून राह्यला, तेच समजत नाही मास्तर."

"अबे, त्याच्या ठोशानं माणूस जमिनीवरून उचलला गेलता! तुह्या गड्यानं कोणाले उचललं कधी?"

"उचलाले हमाल लावा ना जी. बॉक्सर कायले पायजे?"

मिस्त्रींनी एक झिजलेली कॅसेट पाहिली होती, मास्तरांनी वर्तमानपत्रातले फोटो. मी इंग्रजी मासिकं वाचतो म्हणून पंच मी. माझा निकाल दोघांनाही कधी मान्य झाला नाही.

मास्तरांना मात्र एवढ्यावर थांबायचं नव्हतं. तरुणपणी ते स्वतः खेळले होते, आणि दिवसभर बस स्टँडवर बसणाऱ्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. अडलं होतं जागेसाठी. बंद पडलेल्या सहकारी जिनिंग कारखान्याचं गोदाम रिकामं होतं, पण त्याची किल्ली जिनिंगच्या अध्यक्षांच्या खिशात. जिनिंग बंद झालं तरी अध्यक्षपद चालू होतं. मास्तर वर्षभर त्यांच्या ओसरीवर खेटे घालत होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "कार्यक्रम घ्या. पहिला ठोसा मी मारतो. जमलं तर किल्ली तिथंच देतो."

ठोसा मारायचा तर बॅग हवी. मिस्त्रींनी जुन्या ताडपत्रीची लांबट पिशवी शिवली. मास्तर म्हणाले, आत चिंध्या भरा. मिस्त्री म्हणाले, "चिंध्या आणू कुठून? कापूस पडला हाये ना घरी. चिंधीपेक्षा सस्ता हाये तो." हे खरंच होतं.

भरायचं कामही मिस्त्रींनीच केलं. बाभुळगाव रोडला त्यांचं थोडं शेत होतं, आणि कापूस भरायची आमच्याकडची एक रीत आहे: थर टाकायचा, पायाने तुडवायचा, वर पाण्याचा शिपका मारायचा, पुन्हा थर. पाणी कशासाठी, हे वजनकाट्यावर कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. मिस्त्रींनी सरकीसकट कापूस असाच भरला. शिपका मारताना त्यांच्या मनात काही नव्हतं. हातच तसा बसलेला.

कार्यक्रमाला मंडप, हार, लाऊडस्पीकर, सगळं होतं. अध्यक्षांनी युवाशक्तीवर बरंच भाषण केलं. मास्तर घडी मोडून घातलेल्या शर्टात बॅगेशेजारी उभे, नजर अध्यक्षांच्या खिशावर. मग अध्यक्षांनी बाही सारली, फोटोग्राफरकडे पाहिलं आणि सगळं बळ लावून ठोसा मारला.

बॅग हलली नाही. अध्यक्ष हलले. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो लाऊडस्पीकरने बस स्टँडपर्यंत पोचवला. मागची पोरं खाली बघून खांदे हलवायला लागली.

मास्तर मिस्त्रींकडे सरकले. "काय भरलं रे याच्यात?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मिस्त्रींनी बॅगेच्या बुडाला हात लावला. हात ओला झाला. "मास्तर," ते म्हणाले, "पाणी मारल्या गेलं जी."

"काहून? काट्यावर नेत होतास का तिले?"

अध्यक्ष मनगट धरून दोघांकडे बघत होते. वर्षभराचे खेटे पाण्यात गेले, असंच मला वाटलं. तेवढ्यात मास्तर माईकपाशी गेले. जन्मात कोणाची खुशामत केली नव्हती, पण म्हणाले, "ही बॅग मोठ्या पहिलवानाच्या वजनाची हाये. भल्याभल्यांचा हात हिले लावायची हिंमत होत नाही. अध्यक्षसाहेबांनी लावला."

टाळ्या पोरांनी सुरू केल्या. आता किल्ली न देणं म्हणजे आपल्याला लागलं हे कबूल करणं होतं. अध्यक्षांनी डाव्या हाताने खिसा चाचपला, तर किल्ली उजव्या खिशात. ती मास्तरांनाच काढून घ्यावी लागली.

गोदाम बरीच वर्षं चाललं. बॅग वाळली, या वेळी चिंध्यांनी भरली गेली. तिथून कोणी विजेता निघाला नाही. पण संध्याकाळी बस स्टँडवरची बाकं रिकामी असायची, आणि मास्तरांची शिट्टी मला घरापर्यंत ऐकू यायची.

रविवारचा वादही चालूच राहिला. फक्त त्यात तिसरा उमेदवार आला.

"अध्यक्षांचा ठोसा कुठं बसवायचा सर?" मिस्त्री विचारायचे.

"वर बसव," मास्तर माझ्याआधीच म्हणायचे. "दोघाईच्या वर. तुह्या गड्याच्या ठोशानं कोणाले गोदाम भेटलं का?"

या एका निकालावर आमच्या तिघांचं एकमत होतं.