दोघांनी पाहिलेला चिखल्या

सुखदेव गेल्याचं मला तिरोडीच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. दर शनिवारी संध्याकाळी हाच माणूस मला सुखदेवची चिठ्ठी आणून द्यायचा. 'उद्या सकाळी नदीवर. उशीर करू नको.' एवढाच मजकूर. त्या शनिवारी मी सवयीनं हात पुढं केला, तर तो तिकिटांची पेटी बगलेत धरून नुसता उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, आज चिट्ठी नहीं है... बाबूजी नहीं रहे." मी त्याला 'बरं' म्हणालो. यात बरं काय होतं? पण तोंडून तेच निघालं. त्याला आता सव्वा महिना झाला.

बालाघाटच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. पुढं मी इथंच मास्तर झालो आणि तो तिरोडीला मँगनीजच्या खाणीवर मोजणी कारकून. आठवडाभर मालाचे ढीग मोजायचे आणि रविवारी वैनगंगेच्या रेतीवर पाखरं बघायची. नोकरी सोडून जाणाऱ्या एका इंजिनिअरनं त्याला जुनी दुर्बीण दिली होती. तिचा पट्टा तुटला तेव्हा त्यानं बुटाची नाडी बांधली. खाणीवर ढीग मोजताना कारकून आणि मजुरांचा मुकादम दोघंही हजर लागत. दोघांची सही, नाहीतर निळ्या शाईतला अंगठा, असल्याशिवाय मोजणी धरत नसत. हाच कायदा या पठ्ठ्यानं पाखरांना लावला. त्याच्या वहीत प्रत्येक पाखरापुढं दोन सह्या. एकट्यानं पाहिलेलं पाखरू त्याच्या लेखी पाहिलेलंच नसे. "एकट्याले काय बी दिसते, मास्तर," तो म्हणायचा. "भूतबी एकट्यालेच दिसते." अशा रीतीनं, ज्याला चिमणी आणि कावळ्यापलीकडं काही ओळखता येत नव्हतं असा मी वीस वर्षं त्याचा साक्षीदार होतो.

नदीवरून आम्ही आमच्या घरी यायचो. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, ती वगळली तर हा लेख खोटा होईल. आईनं सुखदेवसाठी एक कप वेगळा ठेवला होता. कान तुटलेला, ओसरीच्या कोनाड्यात. तो चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पालथा घालून ठेवायचा. छप्पन साली त्यानं बुद्धाचा धम्म घेतला आणि त्यानंतर आमच्याकडचा चहा सोडला. "काकी, मी घेऊन आलो," एवढंच हसून म्हणायचा. भांडण नाही, टोमणा नाही. कप मात्र कोनाड्यातच राहिला. मी शाळेत पोरांना समतेचे धडे द्यायचो आणि घरी मूग गिळून बसायचो. म्हाताऱ्या आईला दुखवायचं नाही, असं मी स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे भावकी काय म्हणेल याची भीती होती. माझीच.

सुखदेवला ध्यास होता तो चिखल्यांचा. हे चिमुकले पक्षी हिवाळ्यात आपल्याकडं येतात आणि उन्हं तापली की उत्तरेला निघून जातात. रेतीवर दोन पावलं पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं, असा त्यांचा खेळ. त्यांच्यातलेच समुद्रावर उतरणारे काही भाईबंद परतीला निघण्याआधी छातीवर तांबडेलाल होतात, असं त्यानं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. "आपल्या नदीवरचे राखेसारखे येतात अन् राखेसारखेच जातात," तो म्हणायचा. "मले तो लाल झालेला पाह्यचा हाय. एकडाव."

म्हणून एका वर्षी चैत्रात आईनं जगन्नाथपुरीचा धोशा लावला तेव्हा तोही निघाला. आईनं आधी नाक मुरडलं, पण परमुलखात आणखी एक माणूस सोबत असलेला तिला बरा वाटला असावा. गोंदियाहून गाड्या बदलत आम्ही पुरीला पोचलो. पहिल्या दिवशी मी आईला दर्शनाला नेलं. सुखदेव म्हणाला, "तुमी देवळात जा, मी समुद्रावर जातो," आणि धर्मशाळेतून थेट वाळू गाठली.

दुसरा दिवस त्याचा. पहाटेच त्यानं मला उठवलं. दोन-अडीच कोस किनाऱ्यानं चाललो, तिथं एक नाला समुद्राला मिळत होता आणि ओहोटीचा चिखल उघडा पडला होता. आदल्या दिवशीच आयुष्यात प्रथम समुद्र पाहिलेला हा माणूस समुद्राकडं पाठ करून चिखलाकडं बघत बसला! पाखरं हजारांनी. वाकड्या लांब चोचीची, उंच पायांची, लाटेबरोबर पुढंमागं धावणारी. मध्येच एखाद्या थव्याला काय वाटे कोण जाणे, सगळा थवा उठायचा, हवेत एकदा वळायचा आणि परत तिथंच बसायचा. "तयारी करून राह्यले," सुखदेव हळूच म्हणाला. "निघाचं हाय ना आता." दुपारी डोकं तापलं, पाण्याची सुरई संपली, मी कुरकुर सुरू केली. त्यानं आपला पंचा भिजवून माझ्या डोक्यावर घातला आणि स्वतः तसाच उन्हात बसला. एकेक नाव सांगायचा, दुर्बीण माझ्या हाती द्यायचा, विचारायचा, "पाह्यला काय? खरं सांग." हौ म्हटलं की वही पुढं. संध्याकाळपर्यंत मी अकरा सह्या केल्या. राखी चिखल्ये दिसले, छातीवर नुकता रंग चढू लागलेलेही दिसले. पण पुरा लाल काही दिसला नाही. परतताना तो म्हणाला, "उद्या दुपारी गाडी हाय. पहाटे एकडाव येशील?" मी म्हटलं, "येईन म्हणजे येईनच."

नाही गेलो. देवळाजवळचं खाजं मी हावरटासारखं खाल्लं होतं आणि त्यानं रात्रीच माझं पोट बिघडवलं. पहाटे सुखदेव दाराशी आला तेव्हा उठून बसायचंही त्राण नव्हतं. आईला समुद्रस्नान करायचं होतं, ती त्याच्या सोबतीनं गेली. उन्हं वर आल्यावर दोघं परतले. मी पडल्या पडल्या विचारलं, "दिसला?"

"दिसला."

"पुरा लाल?"

"पुरा."

"मग लिही. मी सही करतो."

तो हसला. "तू कुठं होता, मास्तर?" एवढं बोलून वळकटी बांधायला लागला.

हे मला किती वर्षं टोचत राहिलं, काय सांगू! ज्या एका पाखरासाठी हा माणूस एवढ्या लांब आला, ते माझ्या खादाडपणापायी वहीत चढलं नाही. दर चैत्रात मी म्हणायचो, "पुन्हा जाऊ." तो म्हणायचा, "जाऊ ना." घरून काही, नोकरीतून काही निघायचं आणि राहून जायचं. एक फरक मात्र पडला. पुरीहून आल्यावर कोनाड्यातला तो कप दिसेना. विचारलं तर आई म्हणाली, "फुटला." पुढच्या रविवारी तिनं आमच्याच कपांतल्या एकात सुखदेवला चहा दिला, आणि त्यानं एकदा तिच्याकडं बघून तो घेतला. मी मनात म्हटलं, बरं झालं, आपोआप मिटलं. मिटलेल्या गोष्टीत हात घालण्याइतका मी शूर नव्हतो. आईला जाऊन आता पाच वर्षं झाली.

गेल्या रविवारी सुखदेवची बायको, सुमनवहिनी, तिरोडीहून आली. पिशवीतून वही काढून माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "तुमालेच द्यायची म्हणत होते." मी पुरीचं पान काढलं. माझ्या अकरा सह्या. मग पान उलटलं. पुरीहून परतल्यावर त्यानं नवी वही घातली होती, त्यामुळं हे पान मी कधी पाहिलंच नव्हतं. वर एकच ओळ होती. 'चिखल्या, छाती पूर्ण लाल, सूर्योदयाच्या सुमारास.' पुढं सुखदेवची सही. आणि तिच्या शेजारी, खाणीवरच्या त्याच निळ्या शाईत, एक अंगठा.

मी वही वहिनीपुढं केली आणि अंगठ्यावर बोट ठेवलं.

"तुमची माय," ती म्हणाली. "तिले दुर्बीण धरता ये नाही. आमच्या यायनं एक डोया मिटाले लावला, तवा दिसला. म्हणे, अगं माय, कुकवासारखी छाती हाय रे याची! मंग दोघं वाळूत बसले. एकच शहाळं मिळालं होतं. यायनं तिच्यापुढं धरलं, तर म्हणे, तू पी आधी. हे प्याले, अन् यायच्या हातातून घेऊन मंग ती प्याली. कोनाले सांगू नोको म्हणली होती, भावकी हाय. यायनं मले सोडून कोनाले नाही सांगतलं. तिच्या मागंबी नाही."

कप फुटला नव्हता. तिनं फोडला होता. मी ज्या गोष्टीला कधीच हात लावू शकलो नाही, ती माझ्या निरक्षर आईनं एका पहाटे, मी पोट धरून पडलो असताना, निस्तरली होती. आणि मी इतकी वर्षं पाखराची हळहळ करत होतो.

अंगठ्याखाली सुखदेवनं त्याच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं, 'श्रीमती भागरथाबाई यांचा अंगठा. समक्ष.' आमच्या घरात तिला आई म्हणत, काकी म्हणत, अमक्याची माय म्हणत. तिचं नाव कुणी घेत नसे. त्यानं ते तिला विचारून घेतलं असणार, तिथंच, वाळूत बसून.

वही मी कोनाड्यात ठेवली आहे. जिथं तो कप असायचा, तिथं.