चप्पल तिचीच घ्या

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर पेन धरलं ते फक्त सही करायला. झटका येऊन गेल्यावर उजवा हात जड राहतो, म्हणून ओळीही खालीवर होतात. त्याबद्दल माफ करा. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागते, कारण मला तशी सवय लावली गेली आहे. एवढी एक मागून घेते. पुढे नाही.

यवतमाळात बाईंकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. मी मागच्या अंगणात नळाखाली ताटं घासत होते. बाई म्हणजे ज्यांच्या घरी मी नऊ वर्षं धुणीभांडी केली त्या. त्यांचे साहेब कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. साहेबांचे वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत. घरात पुस्तकांची तीन कपाटं, ती पुसायचं कामही माझंच.

मला जळक्या रबराचा वास आला. तिथे काहीच जळत नव्हतं. झटक्याआधी मला हा वास येतो. हातातलं ताट खाली ठेवावं एवढं सुचलं. पुढचं मला माहीत नाही. माझ्या झटक्यातलं मला कधीच काही माहीत नसतं. ते सगळं बघणाऱ्यांकडे राहतं.

शुद्धीवर आले तेव्हा नाकावर चिखल होता आणि ओठ फुटला होता. काठापदराच्या साड्या नेसलेल्या सात-आठ बायका मागच्या दारात उभ्या होत्या. नैवेद्याला उशीर होतोय, असं बाई कोणाला तरी सांगत होत्या. माझी एक चप्पल नळाशी पडलेली, दुसरी सापडली नाही. मी उरलेली ताटं घासली आणि अनवाणी घरी गेले. लोहाऱ्याच्या बाजूला आमची भाड्याची खोली आहे, तिथवर. बाईंनी पुरणपोळी बांधून दिली होती. ती मी खाल्ली. हेही लिहिते, कारण खरं लिहायचं ठरवलं आहे.

मी पाच वर्षांची असताना ताप आला, तापात आकडी आली, आणि ती पुन्हा पुन्हा येत राहिली. आमचा तांडा महागावकडचा. चौथीत भर वर्गात झटका आला तेव्हा मास्तरांनी निरोप दिला, उद्यापासून पाठवू नका. लग्न झालं. लग्नाच्या आठव्या महिन्यात नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. आज माझं वय चौतीस आहे आणि मी एकदाही कडी लावून आंघोळ केलेली नाही. माझी याडी, म्हणजे आई, लोटलेल्या दाराबाहेर बसते आणि आवाज देते. मी हो म्हणते. पाण्याचा आवाज थांबला की ती पुन्हा आवाज देते.

तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, झटके राहिलेच. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तपासण्यांना आणि जाण्यायेण्याला बाईंनी बारा हजार उसने दिले. दिले ते खरं. चार शेजारणींना सांगून दिले तेही खरं.

नागपूरच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, झटक्याचा व्हिडिओ असेल तर आणा. तो होता. महालक्ष्म्यांच्या दिवशी बाईंच्या मुलीने मोबाईलवर काढला होता. घरातल्या सगळ्यांचं बघून झाल्यावर मलाही म्हणाली होती, बघ तू कशी करतेस ते. मी बघितला नव्हता. आता मागितला तर तिने लगेच पाठवला. त्यात काय ऐकू येतं हे तिच्या ध्यानात आलं नसेल. किंवा आलं असेल आणि त्यात वाईट काही वाटलं नसेल. मला हे दुसरं खरं वाटतं.

डॉक्टरांनी आवाज मोठा करून लावला. मी शेजारी बसले होते.

मी पडलेली. पाय झाडते आहे. कोणीतरी म्हणतं, चप्पल हुंगवा. साहेब पायातली चामड्याची चप्पल काढून वाकतात. तेवढ्यात बाईंचा आवाज येतो, घाबरलेला नाही, रोज भाजीवाल्याशी बोलतात तसा.

"आपली नको हो, लाळ लागेल. चप्पल तिचीच घ्या."

साहेब आपली चप्पल परत पायात घालतात. मग माझी शोधून आणतात, चिखलासकट, आणि माझ्या नाकातोंडावर दाबून धरतात. मागे एक बाई हसते. मग चप्पल कुंपणापलीकडे फेकलेली दिसते.

डॉक्टरांनी व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला तेव्हा आवाज बंद केला. माझा हात कसा वळतो ते त्यांना बघायचं होतं. म्हणाल्या, चपलेने काही होत नाही. कांद्याने नाही, हातात लोखंड देऊनही नाही. झटका आपला आपण थांबतो. बाकीच्यांनी कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं.

म्हणजे एकोणतीस वर्षं मी चपला हुंगल्या त्या फुकट. तांड्यावर मला आजोबांचा जोडा हुंगवला आहे. पण आजोबांना अक्षर ओळख नव्हती, आणि जोडा त्यांनी स्वतःच्या पायातला काढला होता. तीन कपाटं पुस्तकं वाचलेल्या घराला अडाण्याचा उपाय चालला. फक्त चप्पल आपली चालली नाही. बेशुद्ध माणसाच्या नाकाला लावायच्या चपलेतही यांनी आपलं आणि तिचं केलं. तोवर मी या घराला घाबरत होते. त्या खुर्चीत बसल्या बसल्या भीती गेली आणि किळस आली.

मग मला आठ दिवस भरती केलं. डोक्याला तारा चिकटवल्या, गोळ्या कमी केल्या आणि झटका यायची वाट बघितली. आला. एका सिस्टरने कुशीवर वळवलं, वेळ लिहिली. नाकाला काही लावलं नाही.

एका टेबलावर स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. एक मॅडम शब्द वाचायच्या आणि मी ते म्हणून दाखवायचे. मला बोलायची लाज वाटते, तोंडातल्या तोंडात सांगितले. अर्ध्या तासाने पुन्हा विचारले, ते सांगितले. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, तुमची आठवण फार चांगली आहे. मला आनंद झाला. डॉक्टरांना नाही झाला.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानशिलाच्या आत, लहानपणीच्या तापाचा वण आहे. तिथून झटका उठतो. तो भाग काढता येतो. बऱ्याच जणांचे झटके थांबतात, सगळ्यांचे नाही. लकव्याचा आणि जिवाचा धोका थोडा, पण आहे. ऑपरेशन सरकारी योजनेत बसेल. पण शब्द आणि नावं लक्षात ठेवायचं काम त्याच बाजूला चालतं. ज्यांची आठवण आधीच गेलेली असते त्यांचं फार बिघडत नाही. "तुमची चांगली आहे, म्हणून तुमचं नुकसान जास्त होऊ शकतं. करायचं की नाही हे तुम्हीच ठरवा."

मला तोपर्यंत कोणी काही ठरवायला दिलं नव्हतं. साडीचा रंगसुद्धा नाही.

याडी नको म्हणाली. डोकं उघडलं की माणूस पहिल्यासारखा राहत नाही, असं ती रडत रडत सांगत राहिली. तिच्यावर माझा राग नाही. बाईंना सुट्टी विचारायला गेले तेव्हा साहेब झोपाळ्यावर पेपर वाचत होते. बाई म्हणाल्या, असल्या भानगडीत पडू नकोस, तुझं बरं चाललंय. साहेब पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "चार भांडी घासायला मेंदू लागतो किती? अर्धा काढला तरी चालेल." बाई हसल्या. मग साहेबांना आणखी सुचलं. "पण आठवण गेली तर आमचे पैसेही विसरशील. ते फेड आधी, मग काढ काय काढायचं ते."

परीक्षेच्या मॅडमनी ज्या डोक्याचा कागद दोनदा वाचला, ते हे डोकं. मी म्हटलं, "फेडतो. पण उद्यापासून कामावर येत नाही." एवढं बोलायला मला नऊ वर्षं लागली. आवाज बारीकच होता. बाईंनी "काय म्हणाली गं ही?" असं मुलीला विचारलं, तर मी पुन्हा तेच सांगितलं.

तांड्यावर गेले आणि कापूस वेचायला लागले, किलोवर. पहिल्याच दिवशी माझ्या ओळीतल्या बायांना सांगून ठेवलं, मी पडले तर कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडाजवळ काही आणू नका. वीस दिवसांनी झटका आला. डोळे उघडले तेव्हा डोकं कापसाच्या गाठोड्यावर होतं. वरच्या ओळीतली म्हातारी मोबाईल धरून बसली होती. "दीड मिनिट झालं वं माय. पडून राहाय जराशी. तुयी ओळ मी वेचतो." तिला घड्याळ वाचता येतं, पुस्तक नाही.

त्या हंगामात मी ओळीओळीने विचार केला. काय जाईल? याडीने शिकवलेली लेंगी, म्हणजे होळीची गाणी, जातील, तिसरीचे पाढे जातील, माणसांची नावं अडतील. त्याचं दुःख आहे, नाही असं नाही. पण कडी लावून आंघोळ करायची आहे. चुलीवरून चहा मला उतरवायचा आहे. रस्ता कोणाचा हात न धरता ओलांडायचा आहे. यातलं बाईंना दाखवायला काहीच नाही. ऑपरेशन मी करणार. कागदावर सही मीच केली, सावकाश, पूर्ण नावाची.

एकाच गोष्टीची भीती होती. डोक्याचा तुकडा जाताना त्या दिवशीचं अंगण जाईल, बाईंचं ते वाक्य जाईल, आणि मी बरी होऊन पुन्हा त्यांच्या दारात हसत उभी राहीन. म्हणून ही वही घेतली. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा मला हीच वाचायला द्यायची, असं याडीला सांगितलं आहे. वाचणारीला सांगते, झटके थांबोत की न थांबोत, त्या घरी जाऊ नकोस. सणाला बोलावलं तरी नाही.

सोमवारी भरती व्हायचं आहे. काल उरलेले तीन हजार घेऊन गेले. बाई म्हणाल्या, आत ये, चहा घे. मी पायरीवरच उभी राहिले, चप्पल घालून. "बरी झालीस की ये कामाला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, येणार नाही. साहेबांनी नोटा दोनदा मोजल्या. मी ही वही उलटी करून शेवटचं पान पुढे केलं आणि मिळाले असं लिहून मागितलं. त्यांना राग आला. आमच्यावर विश्वास नाही का, म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आठवण जाणार हाय न माझी."

मग त्यांनी लिहिलं. मी पायरीवर उभी राहून ते मोठ्याने वाचलं. बारा हजार रुपये पूर्ण मिळाले, काही बाकी नाही. खाली सही, तारीख.

अक्षर फार सुंदर आहे त्यांचं.