तिचं सिम माझ्याकडे

माझ्या मैत्रिणीचा जुना फोन दहा दिवस माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता, आणि त्या दहा दिवसांत आमची मैत्री मोडायची तेवढी बाकी राहिली. ती मोडली नाही यात माझं काहीही श्रेय नाही.

आम्ही दोघी एकाच महिन्यात साउथहॅम्प्टनला आलो. ती नागपूरची, मी पुण्याची. दोघी डॉक्टर, दोघी इथली परीक्षा एकदमच पास झालेल्या. पहिली दोन वर्षं आम्ही एका ओलसर घरात एकत्र काढली. कुकर तिचा होता, मिक्सर माझा. त्या घराच्या फ्रिजवर आम्ही एका माहितीपत्रकातलं पान फाडून लावलं होतं. बार्बाडोसचा समुद्रकिनारा. पाण्याचा रंग इतका निळा-हिरवा की छापताना काहीतरी लबाडी केली असणार, असं आमचं ठाम मत होतं. क्रूझची जहाजं बंदरातून निघाली की भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा, आणि ती फ्रिजकडे बोट दाखवून म्हणायची, "जाऊ आपण. दोघींची लीव्ह एकदम मिळू दे फक्त."

तिने नुसतं म्हणायचं आणि मी कामाला लागायचं, हे आमचं ठरलेलं. मी त्या बेटाचा अभ्यास केला. तिथले दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाव ठरवायचा. किनाऱ्यावरच्या नारळवाल्यापुढे मोठी नोट काढायची नाही. तिथून परत येताना उरलेल्या नोटा इंग्लंडमध्ये कुणी बदलून देत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि अजून आहे.

मग तिला ट्रेनिंगची जागा मिळाली आणि मला मिळाली नाही. म्हणजे हॉस्पिटल तेच, वॉर्ड तेच, काम तेच. पण तिच्या नोकरीला पुढे रस्ता होता आणि माझा करार दर ऑगस्टला नव्याने व्हायचा. वर्षभराने तिचं लग्न झालं. ती कुकर घेऊन गेली. कुकर तिचाच होता, तरी मला राग आला.

फेब्रुवारीत एका दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अगं, फायनली बुकिंग केलं. बार्बाडोस. टेन डेज. आम्ही दोघं चाललो."

"मस्त," मी म्हणाले. ते आमचं बेट होतं. तिला ते आठवत तरी होतं की नाही कोण जाणे. तिचा चेहरा इतका मोकळा होता की विचारायचीही सोय नव्हती.

"आणि एक काम होतं तुझ्याकडे," ती म्हणाली. "आमच्या प्लॅनमध्ये युरोप आहे, कॅरिबियन नाही. रोमिंग चालू ठेवलं तर दिवसाला रग्गड पैसे कापतात. म्हणून मी तिथलं लोकल सिम घेऊन राहिले. पण कार्डाने ऑनलाइन काही पे केलं की बँकेचा कोड याच नंबरवर येतो ना. तर माझं सिम जुन्या फोनमध्ये घालून तुझ्याकडे ठेवते. कोड आला की मला वाचून दाखव. बाबांसारखं."

बाबांसारखं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या दोघींची भारतातली सिम-कार्डं आपापल्या वडिलांकडे आहेत, कारण भारतातल्या बँकेचा कोड भारतातल्याच नंबरवर जातो. इथे आलेल्या बहुतेकांच्या घरी असा एक जुना फोन असतो. माझे बाबा तो देवघराच्या खणात ठेवतात. तिचे बाबा चार्जिंगला लावून ठेवतात आणि कोड वाचताना प्रत्येक आकडा दोनदा म्हणतात. सिम कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आमच्यात कधी कुणाला पडत नाही. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास त्याच्याकडे. हे मला त्याही वेळी कळत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात एवढंच आलं की वा, तू किनाऱ्यावर लोळणार आणि मी इथे तुझी टेलिफोन ऑपरेटर.

मी फोन घेतला. काच एका कोपऱ्यात तडकलेली होती.

पहिला कॉल एटीएमसमोरून आला. "मशीन विचारून राहिलं, पाउंडमध्ये चार्ज करू की डॉलरमध्ये?"

"डॉलर दाब. पाउंड म्हटलंस तर ते त्यांच्या मनाचा रेट लावतील. आणि सुट्ट्या नोटा माग, आत काउंटरवर मिळतात."

"तुला कसं काय हे सगळं माहीत?" तिने कौतुकाने विचारलं. मी म्हटलं, असंच वाचलं होतं कुठेतरी. बाहेर पाऊस पडत होता आणि मी हीटरवर मोजे वाळत घातले होते.

त्यानंतर रोज. त्या दिवसांत माझ्या रात्रपाळ्या होत्या, त्यामुळे दुपारी मी घरीच असायची. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, म्हणजे तिकडे सकाळ, तो तडकलेला फोन टेबलावर थरथरायचा. बँकेचा मेसेज फार बोलका असतो. नुसता कोड देत नाही, कुणाला किती पैसे चाललेत तेही सांगतो. कासवांबरोबर पोहण्याची सहल. मसाज, दोघांसाठी. जेवणाचं आगाऊ बुकिंग, माझ्या आठवड्याच्या बाजारहाटाएवढं. तिने मला एकही फोटो पाठवला नसता तरी चाललं असतं, माझ्यापाशी सगळी सुट्टी रकमेसकट येत होती. मेसेजच्या शेवटी दर वेळी एक वाक्य असायचं की हा कोड कुणालाही सांगू नका. मी सहा आकडे वाचून दाखवायची, ती "थँक्यू गं" म्हणायची, मागून लाटांचा आवाज यायचा. फोन ठेवल्यावर मी त्या रकमा मनात घोळवत बसायची. कासवांबरोबर पोहायला एवढे पैसे कशाला लागतात, कासवं काय फी घेतात का, असले विचार करत मी भांडी घासायची. माणूस किती क्षुद्र होऊ शकतो हे बघायचं असेल तर त्याला दुसऱ्याच्या खर्चाचे मेसेज वाचायला द्यावेत.

तिच्या सुट्टीचा सातवा दिवस बुधवार होता. मला सुट्टी होती. ट्रेनिंगच्या जागेसाठी मी पुन्हा अर्ज केला होता, मुलाखतही दिली होती, हे मी तिला सांगितलं नव्हतं. झालं तर सांगू, असं ठरवलं होतं. दुपारी बाराला ईमेल आली. 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द पहिल्याच ओळीत होता, त्यामुळे पुढचं वाचायचे कष्ट वाचले.

तीन वाजता टेबलावरचा फोन थरथरला. सूर्यास्त बघायला नेणारी बोट, जेवणासकट, दोघांसाठी. खाली सहा आकडे. तो कोड दहा मिनिटं चालतो.

ही बोट मीच शोधली होती. फ्रिजवरच्या पानाच्या मागच्या बाजूला तिचं नाव माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, पुढे 'उजवीकडच्या जागा घ्यायच्या' अशी सूचना होती.

तिचा कॉल आला. "आला का?"

"नाही," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तेव्हा मला आश्चर्य वाटलं, पण परत घ्यावासा वाटला नाही. ती म्हणाली, थांब, परत पाठवते. फोन थरथरला. "आता?" नाही. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मी त्याच्यावर पुसायचा नॅपकिन टाकला, जणू आवाज तिला ऐकू जाणार होता. "नाही गं, काहीच येत नाहीये. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल." तीनदा वेळ टळल्यावर बँकेने तिचं कार्ड बंद केलं, आणि तोपर्यंत बोटीच्या जागा गेल्या. संध्याकाळी तिचा मेसेज आला की आज लग्नाचा वाढदिवस होता म्हणून जायचं होतं, पण ठीक आहे, याचं कार्ड चालतंय, पुढचं भागेल.

लग्नाचा वाढदिवस मी विसरले होते. त्या लग्नात मी करवली म्हणून मिरवले होते.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, साधारण तासभर, मला बरं वाटलं होतं, हेही खरं. तो तास मी सोयीने विसरू शकले असते. पण मग हे लिहायचं कशाला?

पुढचे तीन दिवस मला एकच धास्ती होती. फोन तिला परत द्यायचा होता आणि ते तीन मेसेज त्यात वेळेसकट बसले होते. ती आली की पहिल्यांदा तेच उघडून बघणार. मी तरी तेच केलं असतं. शनिवारी सकाळी मी ते तिन्ही पुसून टाकले. मग वाटलं, एवढेच गायब दिसले तर संशय येईल, म्हणून डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटचा मेसेजही पुसला. आयुष्यात पेशंटच्या कागदावर कधी खाडाखोड न केलेली मी.

रविवारी दुपारी ती दारात उभी राहिली. रापलेली, नाकाचं साल निघालेलं, हातात तिथल्या पिवळ्या मिरचीच्या सॉसची बाटली. मी चहा टाकला. फोन टेबलावर तिच्यासमोर ठेवला. तिने कानातल्याच्या काडीने सिम बाहेर काढलं, आपल्या फोनमध्ये सरकवलं आणि जुना फोन माझ्याकडे ढकलला. "राहू दे तुझ्याकडेच, कामाला येतो." तिने तो चालूसुद्धा केला नव्हता.

"आणि त्या बँकवाल्याची गंमत ऐक," ती म्हणाली. "कार्ड चालू करायला कॉल केला तर म्हणतो, मॅडम, थ्री मेसेजेस डिलिव्हर झालेले दिसून राहिले. मी म्हटलं, तुमची सिस्टिम राँग आहे. फोन माझ्या बहिणीच्या हातात आहे आणि ती म्हणते आला नाही, म्हणजे आला नाही. तर मला लेक्चर द्यायला लागला, कोड कुणाला सांगायचा नसतो म्हणून. मी म्हटलं, बहीण म्हणजे कुणीही असते का? अर्धा तास भांडले त्याच्याशी. लोकल सिमचा पूर्ण बॅलन्स संपला."

मी पाठमोरी होते. आता सांग, असं मी स्वतःला म्हटलं. चहा गाळला, दोन कप भरले, तिच्यासमोर एक ठेवला आणि विचारलं, "साखर घेतेस ना अजून?"

तिच्या नोकरीचा, लग्नाचा, त्या बेटाचा मला हेवा वाटून झाला होता. सगळ्यात जास्त हेवा मला त्या दुपारी वाटला. कुणाच्या तरी शब्दावर अशी मान टेकून निवांत राहणं मला कधीच जमलेलं नाही, आणि ती ते माझ्यासारखीच्या बाबतीत करून बसली होती.

जाताना तिने पर्समधून एक पाकीट काढलं. आत तिथल्या सुट्ट्या नोटा होत्या आणि उडत्या माशाचं चित्र असलेली काही नाणी. "इथे कुणी बदलून देत नाही, तूच म्हणाली होतीस. तुझ्यासाठी ठेवलेत. तू जाशील ना, तेव्हा एअरपोर्टवरून टॅक्सीला लागतील. भाव आधी ठरव पण." आणि मग दारातून, बूट घालता घालता, "आपण दोघींनी जायचं होतं खरं. मला तिथे रोज आठवत होतं."

मी गेले, पुढच्या वर्षी, एकटीच. निघायच्या आधी ती म्हणाली, "सिम दे माझ्याकडे." मी म्हटलं, नको, माझ्या नवीन प्लॅनमध्ये कॅरिबियन आहे. तसं काही नव्हतं. मी दिवसाचे पैसे भरून रोमिंग घेतलं. हातात दुसऱ्याचा फोन घेऊन बसलेल्या माणसाच्या मनात दहा मिनिटांत काय काय येतं ते मला माहीत होतं, आणि ती माझ्यासारखी नाही एवढी साधी गोष्टही माझ्या हातून मानली गेली नाही.

टॅक्सीला तिच्या नोटा बरोबर पुरल्या. हॉटेलवर पोचून मी किनाऱ्यावर गेले. पाण्याचा रंग फ्रिजवरच्या पानासारखाच होता, छापणाऱ्याने काही लबाडी केली नव्हती. मी तिला लिहिलं की पोचले. तिचं उत्तर लगेच आलं: "काही अडलं तर कॉल कर. मी आज फोन जवळच ठेवलाय."