तारीख नसलेला शिक्का

कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. गिऱ्हाईक पडद्याआड पॅन्ट बदलतं, आणि मध्ये पडदा असला की माणसाला वाटतं, आपलं बोलणंही बाहेर जात नाहीये! बारा वर्षांत इतकं कानावर पडलंय की काय सांगू. परवा लंडनमधल्या पिनरला बहिणीकडे गेले होते, तिथे दोन-तीन सांगितले तर ती म्हणाली, "ताई, लिहून ठेव गं, नाहीतर विसरशील." म्हणून बसले लिहायला.

आमचं दुकान इंग्लंडात, एका लष्करी छावणीच्या गेटसमोर आहे. छावणीचं नाव सांगत नाही, भानूबेनना आवडायचं नाही. भानूबेन म्हणजे आमच्या मालकीणबाई. मूळच्या कच्छच्या, वाढल्या मुलुंडला, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलतात. मनाने चांगल्या, पण विश्वास कुणावर म्हणून नाही! दुकानात मशीनं दोन. एकावर त्या, एकावर मी. सैनिकांच्या बाहीवर पट्ट्या शिवायच्या, पॅन्टची उंची कमी करायची, हेच काम.

किस्से बहुतेक अमोलचे आहेत. त्याला या देशात राहायला मिळणार की नाही, हा आमच्या दुकानात सहा वर्षं चाललेला विषय होता.

* * *

अमोल पहिल्यांदा आला तो दिवस आठवतो. अंगावर इथल्या फौजेचा गणवेश, आणि फोनवर मोठ्याने चाललंय, "आई, खाल्ला गं भात! ठेव आता!"

माझ्या हातातून टेप खाली पडला. भानूबेन माझ्या कानाशी आल्या. "मंदा, हा नकली आहे. इंडियन पासपोर्टवाला इथल्या मिलिटरीत कसा असेल? कपडे मार्केटमधून घेतले असणार."

मी विचारलं, "कुठले रे तुम्ही?"

"कोरेगाव. सातारा जिल्हा, काकू."

मग त्याने सगळं सांगितलं. लेस्टरला शिकायला आला होता. व्हिसा संपत आला, नोकरी मिळेना. कॉमनवेल्थ देशातल्या माणसाला इथल्या आर्मीत जाता येतं असं कळलं, म्हणून परीक्षा दिली. ठरलेली वर्षं नीट नोकरी केली, की बाहेर पडताना इथे कायम राहायला अर्ज करता येतो.

भानूबेन म्हणाल्या, "आणि मध्येच गोळी लागली तर?"

"मग अर्ज करायची गरजच नाही ना, मावशी!"

* * *

फौजेत असेपर्यंत अमोलला व्हिसाच नव्हता. पासपोर्टवर फक्त एक शिक्का, की या माणसाला व्हिसाचे नियम लागू नाहीत. त्यावर शेवटची तारीखसुद्धा नाही. वाचायला किती छान वाटतं! पण त्या शिक्क्यावर कुणी विश्वास ठेवला तर शपथ.

लग्न ठरल्यावर तो भाड्याचं घर बघायला गेला. एजंटने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"तारीख कुठंय?"

"तारीख नसते."

"मग तू परत कधी जायचंस, हे मला कसं कळणार?"

अमोलने युनिटचं पत्र आणलं. एजंट म्हणाला, पत्र काय, कुणीही टाइप करतं. मग त्याने पत्रावरच्या नंबरला फोन लावला आणि विचारलं, हा माणूस खरंच तुमचाच का? पलीकडून सार्जंट मेजर असा ओरडला, असा ओरडला, की एजंटने फोन कानापासून हातभर लांब धरला. अमोल सांगतो, रस्त्यावर कुत्रं थांबलं!

घर त्याच दिवशी मिळालं. एजंट म्हणाला, "पत्राचं सांगता येत नाही. पण असं ओरडायचं नाटक कुणाला जमायचं नाही."

* * *

एका गणपतीत मी अमोलला पिनरला बहिणीकडे घेऊन गेले. म्हटलं, पोराला मोदक तरी मिळतील. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, अगदी प्रेमळ. त्यांनी विचारलं, "कुठल्या व्हिसावर आलायस रे?"

"व्हिसा नाहीये मला."

बाईंनी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली!

त्यांच्या यजमानांनी सांभाळून घेतलं. "नाही, म्हणजे स्पॉन्सर कोण आहे तुझा? कंपनी? हॉस्पिटल?"

अमोलच्या तोंडात मोदक. तो गिळून म्हणाला, "राजा."

"कोण राजा?"

"इथला. शपथ त्याच्याच नावाची घेतलीय ना मी."

सगळे हसले. बाईंनी पर्स परत बाजूला ठेवली, पण हात तिच्यावरच!

* * *

बायकोला, प्राजक्ताला, इथे आणायची वेळ आली तेव्हा मात्र व्हिसा लागला. हाउन्सलोच्या एका वकीलबाईंकडे गेलो. मीही बरोबर गेले, कारण अमोल ऐनवेळी नको ते खरं बोलून जातो. बाई इंग्लिश, कामाला चोख. लग्न खोटं नाही, हे दाखवायला त्यांनी फोटो मागितले. अमोलने अख्खा अल्बम नेला होता.

पहिल्या फोटोत फेटा आणि मुंडावळ्या. बाई म्हणाल्या, "चेहरा दिसत नाही. हा तूच कशावरून?"

पुढचा फोटो अंतरपाटाचा. बाईंनी चष्मा काढला. "लग्नाच्या मुख्य क्षणी तुमच्यामध्ये चादर का धरलीय?"

मी तोंड उघडायच्या आत अमोल म्हणाला, "एकमेकांना बघू नये म्हणून."

बाईंनी लिहून घेतलं, 'वधू-वरांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते.'

अहो, कॉलेजपासून चार वर्षं चहा पीत होते ती दोघं! तो कागद फाडायला लावून दुसरा लिहवून घेईपर्यंत माझा घसा कोरडा पडला.

* * *

कायम राहायच्या अर्जाआधी एक परीक्षा असते. इथला इतिहास, कायदे, चालीरीती. अमोल पडद्याआड पॅन्ट बदलायचा आणि भानूबेन बाहेरून पुस्तकातले प्रश्न विचारायच्या. एके दिवशी त्याने चोवीसपैकी बावीस बरोबर सांगितले. भानूबेनना शंका आली, याने आत पुस्तक नेलंय. पडदा सरकवून बघितलं, नव्हतं!

मग तो म्हणाला, "आता तुमची पाळी, मावशी."

भानूबेन चाळीस वर्षं इथल्या नागरिक आहेत. त्यांचे नऊ आले.

त्यांनी पुस्तक खणात टाकलं, खण बंद केला आणि हळूच म्हणाल्या, "मंदा, हे बाहेर बोलू नकोस हं. आणि माझा पासपोर्ट कपाटात आहे ना, बघ जरा."

* * *

फौज सोडायची तारीख जवळ आली. प्राजक्ता एव्हाना इथल्या वृद्धांच्या केअर होममध्ये कामाला लागली होती, मुलगी नर्सरीत जात होती. दोघींचं राहणं अमोलच्या अर्जावर. त्याला नकार आला तर तिघांनी सामान बांधायचं. आणि अमोलच्या रेकॉर्डवर एक डाग होता.

तीन वर्षांपूर्वी त्याचे वडील, अण्णा, गेले. दहा-बारा दिवसांची रजा मिळाली. दहाव्याला सकाळी नदीवर विधी, तिथून मुंबई, संध्याकाळचं विमान, असं बसवलेलं. पण पिंडाला कावळा शिवेना! दुपार झाली, विमान गेलं, पुढचं तिकीट चार दिवसांनी मिळालं. रजा संपून चार दिवस उशीर, म्हणजे फौजेत गुन्हाच.

मेजरसमोर उभा केला. "उशीर का झाला?"

"कावळा आला नाही, सर."

मेजरने पेन खाली ठेवलं. "तू एका पक्ष्याची वाट बघत विमान सोडलंस?"

"वडिलांची, सर."

मेजरने पेन परत उचललं म्हणे. शिक्षा झाली, आणि नोंदही झाली. रजेवरून चार दिवस उशिरा. कारण, कावळा.

वकीलबाई म्हणाल्या, "अर्ज तपासणाऱ्याला ही थाप वाटेल. पुरावा काय आहे?" अमोलने नदीवरचा मुंडण केलेला फोटो दाखवला. बाई म्हणाल्या, "सैनिकाचं डोकं भादरलेलंच असतं."

भानूबेन ऐकून वैतागल्या. "आता काय कावळ्याचं सर्टिफिकेट आणायचं?"

शेवटी दहावा म्हणजे काय, कावळा का लागतो, हे मी मराठीत एक पानभर लिहिलं. प्राजक्ताने त्याचं इंग्रजी केलं. भानूबेननी ते चार वेळा वाचलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. शेजाऱ्याचं पार्सल घेतानाही सही न करणारी बाई ही!

* * *

नंतर नुसती वाट बघणं. फोन वाजला की आमची मशीनं थांबायची.

एका शनिवारी अमोल आणि प्राजक्ता दुकानात आले. अमोल साध्या कपड्यांत, हातात हाउन्सलोच्या मिठाईवाल्याचा बॉक्स.

"मिळालं, काकू! कायमचं!"

मला रडूच आलं. भानूबेननी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. "कागद?"

अमोलने ईमेलचं प्रिंट काढून आणलं होतं. मावशी मागणार हे त्याला माहीत होतं. त्यांनी ते काउंटरवर ठेवून चष्मा शोधायला घेतला.

तेवढ्यात मी आपलं सहज विचारलं, "अमोल, कावळा शेवटी शिवला तरी कशाने रे? ते काही तू कधी सांगितलं नाहीस."

तो स्टुलावर बसला.

"आई म्हणाली, घर नीट सांभाळू. नाही आला. माझ्या बहिणीचं लग्न राहिलंय, तर काका म्हणाले, पोरीचं लग्न मी लावून देतो. नाही आला. कठड्यावर बसून नुसता बघत होता. दोन वाजले. मग मी पुढं झालो. म्हटलं, अण्णा, मी तिकडचा होणार नाही."

"मग?"

"जोडलेले हात सोडायच्या आत खाली आला."

प्राजक्ताला हे माहीत नसावं. ती बॉक्सचं झाकण लावत राहिली, ते काही बसेना.

भानूबेननी चष्मा लावला. कागद पहिल्या ओळीपासून वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून. उलटवून मागची कोरी बाजू पाहिली. उजेडापुढे धरला. परत पहिल्यापासून वाचला.

मग अमोलकडे बघून म्हणाल्या, "यात कुठे लिहिलंय, तू इथला झालास म्हणून?"

आणि पेढा तोंडात टाकला.