न जुळलेलं रक्त

पन्नास वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दुष्काळाचं साल होतं. पारनेरजवळच्या गावातून थोरल्या बहिणीला आम्ही नगरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तिचे डोळे पिवळे आणि ओठ पांढरेफटक पडले होते. त्याआधी महिनाभर तिच्या सासूने कावीळ म्हणून मंत्र घालून घेतला होता आणि तेल-मीठ तोडून तिला ताक-कण्यांवर ठेवलं होतं. वाढलेलं पोट बघून सुनेला दिवस गेलेत असंही तीच सांगत फिरत होती. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं, अंडाशयात गाठ आहे, काढायलाच हवी; पण अंगात रक्त राहिलेलं नाही, आधी रक्त द्या.

आम्ही दंड पुढे केले. भावाने, वडिलांनी, मीसुद्धा. रक्त तपासणारा खिडकीतून म्हणाला, "गट जुळतोय, पण रक्त जुळत न्हाई. भावाचं न्हाई, बापाचंबी न्हाई."

सासूने त्यातलं 'गट जुळतोय' सोडून दिलं आणि बाकीचं तेवढं उचललं. भर व्हरांड्यात माझ्या आईला म्हणाली, "बापाचंबी न्हाई? मंग पोर हाय तरी कुनाची?" संध्याकाळच्या एस.टी.ने ते गावात पोचलंसुद्धा.

तिचं सोडा, तिच्या जिभेला हाडच नव्हतं. माझा राग वडिलांवर आहे. ते आईला एका शब्दाने काही बोलले नाहीत. आई आवारातल्या कडुनिंबाखाली तीन दगडांवर भाकरी थापायची आणि हे समोरच्या हॉटेलात जाऊन पाव खायचे. तिने तांब्या पुढे केला की उठून नळावर जायचे, सगळ्यांदेखत ओंजळीने प्यायचे. आठ दिवस! आई रोज त्यांच्या वाटणीची भाकरी थापायची आणि रोज ती उरायची.

त्यातल्या त्यात बरं जुळणारं रक्त थेंबाथेंबाने देत डॉक्टरांनी गाठ काढली. नारळाएवढी निघाली. बहिणीच्या ओठांवर रंग दिसायला लागला, तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावलं.

"त्या गाठीपायी तिचं रक्त दिसेल त्या रक्तावर तुटून पडत होतं. तिच्या स्वतःच्यासुद्धा. कोणाचंही आणलं असतं तरी जुळलं नसतं. नात्यागोत्याचा इथं काही संबंध नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" मी तडकून विचारलं.

"कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

वडिलांनी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही, आईलाही नाही. बाहेर येऊन ते घसा खाकरत चुलीपाशी बसले.

"मला ठावंच हुतं," ते म्हणाले. "पानी दे जरा."

आई भाकरी उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "नळ तितंच हाय."