बिरूचा गळा

हे मी आजवर कुणाच्याच कानी घातलेलं नाही — बायकोच्याही नाही. एकतीस वर्षं रेडिओवर निवेदक होतो. बोलणं हेच पोट. एवढं मात्र बोललो नाही.

बिरू आणि मी वैजापूरकडचे. मी पाटलाच्या घरातला, तो मेंढपाळाचा. शहरात, गुलमंडीच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो, रोज मोठ्यानं पेपर वाचून आवाज घडवायचो. माझा आवाज बरा होता. त्याचा — काय सांगू? तो वाचायला लागला की खालचं गिऱ्हाईक घासाघीस थांबवून वर बघायचं.

निवेदकाची जागा एकच निघाली. आवाजाच्या चाचणीला दोघांनाही बोलावणं आलं. आदल्या दिवशी दुपारी मी त्याला चिकलठाण्याच्या माळावर नेलं. सरावाला, असं म्हणालो. सरावाला नेलं होतं का? — नाही.

"बिऱ्या, उद्या तू जाऊ नको."

तो हसला. "पाटील, तुमाला रान हाय. मला ह्यो गळाच हाय."

मी त्या गळ्यावरच मारलं. मुठीनं. तो कोसळला, तर गुडघा गळ्यावर रोवला. आत काहीतरी कडकन मोडलं. थांबलो? नाही — आणखी दाबला. राग नोकरीचा होता? की मेंढपाळाचं पोर माझ्यापुढं जातंय ह्याचा? दुसराच जास्त होता.

तोंडातून रक्ताचा फेस आला तेव्हा घाबरलो. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ट्रकवाल्यांनी मारलं, असं सांगितलं. संध्याकाळी त्याची आई गावाहून आली, माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "पाटील, तुमी व्हता म्हनून वाचला वो माजा लेक."

बिरू खाटेवरून बघत होता. गळ्यात नळी. उशाशी कागद-पेन्सिल ठेवलेली. त्यानं ती उचलली नाही. का — ते मला कधीच कळलं नाही.

सकाळी मी चाचणीला गेलो. निवड झाली.

बिरूचा आवाज परत आला नाही. तो गावी मेंढरांमागं गेला. हाक मारता येईना म्हणून टाळ्या वाजवून कळप वळवायचा. गेल्या साली वारला. पाटलानं त्याला वाचवलं होतं, असं गाव अजून सांगतं. मातीला गेलो, तर दोन शब्द बोलायला लोकांनी मलाच पुढं केलं.

मी बोललो. चांगलं बोललो. माणसं रडली.