वार कुठं टाकली?

खडवलीच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसरकाका गाईला 'अहो' म्हणायचे आणि तिच्या मालकाला 'अरे'. "अहो बाई, जरा सरका," म्हणत ते गाईशेजारी बसणार आणि लगेच मान वर करून मालकाला विचारणार, "अरे, हिची वार कुठं टाकलेली?" वार म्हणजे वासरामागून गाईच्या पोटातून पडणारी पिशवी. गाईला ताप असो नाहीतर शिंग मोडलेलं असो, प्रश्न हाच. एका साखरपुड्यात भर पंगतीत त्यांनी तो यजमानांना विचारला, तेव्हा समोरच्या बाईंनी तोंडाशी नेलेली जिलबी ताटात परत ठेवली.

"आधी जागा बघायची, मग जनावर," असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यातले डॉक्टर बदलत राहिले, हे मात्र तिथंच चिकटून होते. औषधांच्या पेटीबरोबर त्यांच्या स्कूटरला कायम एक कुदळ बांधलेली असे. लोक हसायचे. मीही हसले होते.

मी कळव्याची. दूध पिशवीतून येतं, एवढंच गाईबद्दलचं माझं ज्ञान. लग्न करून खडवलीला आले आणि त्याच वर्षी आमची चंद्री पाचव्या महिन्यात गाभडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, वासरू पोटातच गेलं. त्याच सकाळी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तू नको गं येऊस गोठ्यात." पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं, शेण काढायचं वाचलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीशी चाललेलं त्यांचं बोलणं कानावर आलं. "ही आली त्या सालापासून चंद्रीचं टिकतच नाय. पाय बघावा लागतो बाई." त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. राग इतका आला होता की बॅग भरून कळव्याला निघणार होते.

दुसऱ्यांदा झालं त्या दिवशी दुपारी डॉक्टरांबरोबर ड्रेसरकाका आले होते. डॉक्टरांनी चंद्रीचं रक्त घेतलं. काकांनी तो मेलेला गर्भ दोन पिशव्यांत बांधला आणि हाक मारली, "पोरी, बर्फ आहे का गं? हे उन्हात सडलं तर लॅबवाले परत पाठवतील." लग्नात आहेर आलेला, कधी न उघडलेला आइसबॉक्स मी बर्फ भरून आणला आणि गोठ्याच्या दारात थांबले.

"आत ये की."

"मी आत यायचं नाही, काका."

"कोण म्हणालं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई चंद्रीकडे बघत राहिल्या. काका उठले, दारापर्यंत आले आणि माझ्या हातातून बॉक्स घेतला. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

"टाकू कशाला? वडाला बांधतो की," सासूबाई जरा ताठ्यातच म्हणाल्या. "चिकाच्या झाडाला बांधली की गाईला दूध येतं. माझ्या सासूपासून चालत आलंय."

काका परड्यातल्या वडाखाली गेले. फांदीला नुसती सुतळी लोंबत होती. खाली आमचा मोत्या कुत्रा पोट भरल्यासारखा पसरला होता. तिथून काका चाऱ्याच्या खोपटात शिरले. मोत्या रोज तिथंच झोपायचा आणि बाकीचे विधीही तिथंच उरकायचा.

आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर फोनवर सांगणार होते, पण काका स्वतः आले. अंगणात खाटेवर बसले, मला जवळ उभं केलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, डोळ्याला न दिसणारा एक किडा असतो. कुत्र्यानं वार खाल्ली की तो त्याच्या पोटात वाढतो. कुत्रा चाऱ्यात घाण करतो, तोच चारा गाय खाते आणि मध्येच गाभडते. तुमच्याकडे बहुतेक असंच झालंय. सुनेचा पाय नाय, मोत्याची शी आहे."

सासूबाई मोत्याला मारायला काठी शोधू लागल्या. "त्याला कशाला मारता? त्याला वाढलं कोणी?" काका म्हणाले. चंद्रीला विकू म्हटलं, त्यालाही त्यांनी ठाम नकार दिला. किडा तिच्या अंगात राहणार, पुढचं वासरू टिकेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, पण आपला त्रास दुसऱ्याच्या गोठ्यात ढकलायचा नाही.

त्या दिवसापासून ते मला शिकवू लागले. चाऱ्याच्या खोपटाला दार लावायचं, वारेला उघड्या हातानं शिवायचं नाही, ती पुरायला खड्डा कमरेइतका खणायचा, वरून चुना टाकायचा. पुढच्या खेपेला चंद्रीचे दिवस भरले आणि पाडी झाली. खड्डा मी खणला. सासूबाई काठावर उभ्या राहून "अजून खोल" म्हणत होत्या. गोठा हळूहळू माझ्याच हाती आला. मागचं मात्र त्यांनी कधी काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आतून ते सलत राहिलं, खोटं कशाला सांगू?

काका निवृत्त होऊन कळव्याला राहायला गेले आणि गेल्या वर्षी वारले. आम्ही दोघी त्यांच्या चाळीत काकूंना भेटायला गेलो. खोली माणसांनी भरली होती. मी दारात चपला काढत होते, सासूबाई आधी आत गेल्या. काकूंनी विचारलं, "आपण कोण?"

"मी खडवलीची," सासूबाई म्हणाल्या. "माझी गाय गाभडत होती आणि मी सुनेला नावं ठेवत होती. तिला गोठ्यात पाय ठेवू देत नव्हती. चूक माझी होती. ती तुमच्या मालकांनी मला दाखवली."

मग वळून, त्या अनोळखी माणसांसमोर, त्यांनी मला आत बोलावलं.